परसातल्या कैरीची आवकाय: या चुका टाळा

हैदराबादेत मे महिना लागला की मला बरण्यांचे फोटो येऊ लागतात. खाली एकच ओळ: "काकू, हे पांढरं काय आलंय?" काय येणार? बुरशी. दारच्या झाडाला कैऱ्या लगडल्या की आवकाय, म्हणजे आंध्र पद्धतीचं कैरीचं लोणचं, घालायची हौस सगळ्यांनाच येते, येऊ दे. पण हौसेच्या पाठोपाठ घाई येते, आणि दर वर्षी त्याच त्या चुका.

सगळ्यात जास्त बरण्या पाण्याने जातात. कैरी अख्खी असतानाच धुवायची, एकेक कोरड्या फडक्याने पुसायची आणि पंख्याखाली पसरून ठेवायची. चिरल्यावर पाण्याचा थेंबही लावायचा नाही. आतली कोवळी बी आणि पातळ पापुद्रा काढून प्रत्येक फोड पुन्हा पुसायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ते ज्यांना जमत नाही त्यांनी दुकानातलं लोणचं आणावं, त्यात काही कमीपणा नाही. बरणी आदल्या दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवलेली हवी. इथल्या मे महिन्यात ऊन काही मागून आणावं लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका तरुण जोडप्याच्या परसात जुना आंबा आहे. वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं, सकाळी झाडाखाली टोपलंभर कैऱ्या. "वाया कशाला घालवायच्या?" म्हणून त्यांनी त्या गोळा केल्या आणि सवड नाही म्हणून रविवारपर्यंत तशाच ठेवल्या. पडलेल्या कैरीला मुका मार लागलेला असतो. वरून हिरवीगार दिसते, आत तेवढी जागा काळी पडून मऊ होते. शिवाय चार दिवसांत काही कैऱ्या पिवळट झालेल्या. रविवारी चिरल्या, हाताला चीक लागतो म्हणून फोडी नळाखाली धरल्या. सासऱ्यांना बीपी, म्हणून मीठ निम्मं. तेल आरोग्याला वाईट, म्हणून नावापुरतं. वर घट्ट झाकणाची देखणी काचेची बरणी.

मला बोलावलं तेव्हा झाकण उघडताच फस्स आवाज आला. खाली बुडबुडे, वर पांढरी साय आणि वास थेट ताडीचा. "वरचा थर काढून उन्हात ठेवू का?" नाही. बुरशी वर जेवढी दिसते तेवढीच नसते, तिचे धागे खालीही गेलेले असतात, आणि उन्हात ठेवून ते जात नाहीत. "मग झाडाच्या बुंध्याशी ओतू?" अगं, निम्मं का होईना, मीठ आहे त्यात. झाडावर कसला सूड?

वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचं त्याच दिवशी पन्हं करा, मेथांबा करा, किंवा इथल्यासारखं मामिडिकाय पप्पु करा, म्हणजे कैरी घातलेलं वरण. आवकायीला झाडावरून काठीला जाळी बांधून उतरवलेली, आंबट, घट्ट आणि आत बाठा धरलेली कैरीच लागते. उतरवली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी घालून मोकळं व्हायचं.

बाठ्याचं सांगायलाच हवं. आवकायीच्या प्रत्येक फोडीला कोयीच्या कवचाचा तुकडा राहिला पाहिजे. वर्षभर फोड अखंड राहते ती त्याच्या जोरावर. कोशिंबिरीला कापतात तशा नुसत्या गराच्या फोडी केल्या की पावसाळा सरेपर्यंत त्यांचा लगदा होतो. घरच्या सुरीने कवच तुटत नाही, बोट मात्र तुटतं. इथल्या बाजारांत कैरीच्या दिवसांत मोठी कत्तिपीट, म्हणजे इथली विळी, मांडून माणसं बसलेली असतात, पैसे घेऊन कैऱ्या फोडून देतात. आपल्या झाडाच्या कैऱ्या पिशवीत घालून न्या, कोरडं फडकंही न्या. त्या कत्तिपीटेवर तुमच्या आधी कुणाच्या ओल्या कैऱ्या फुटल्यात ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आता माप. चार वाट्या फोडी, एक वाटी तिखट, एक वाटी मोहरीची पूड, पाऊण ते एक वाटी मीठ. वाटी सगळ्याला तीच. हेच प्रमाण वजनकाट्यावर मोजणारे हुशार लोक असतात. तिखट हलकं, मीठ जड, त्यामुळे वजनाने घेतलं की तिखट वाजवीपेक्षा जास्त पडतं आणि मीठ कमी. मग आवकाय जाळतेही आणि नासतेही. जाडं मीठ वापरत असाल तर आधी उन्हात तापवून कुटा, मग मोजा. खड्यांच्या मधल्या फटी वाटीत मीठ म्हणून मोजल्या जातात.

मीठ कमी करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या खारात नासवणाऱ्या जिवांना जगू देत नाही. आंबटपणा त्याला मदत करतो. तेल स्वतः काही मारत नाही, फक्त हवा अडवतं, म्हणून ते फोडींच्या वर बोटभर दिसलं पाहिजे. बीपी असेल तर लोणचं कमी वाढून घ्या, मीठ कमी घालू नका.

मोहरी: आपल्याकडची सवय इथे नडते. आपण मोहरीची डाळ घेतो, वर गार केलेली फोडणी घालतो. आंध्रातल्या आवकायीत कच्ची मोहरी सालासकट दळतात आणि घाण्याचं तीळतेल न तापवता घालतात. मोहरी उन्हात कडक वाळवायची, भाजायची नाही. मिक्सर सलग फिरवला तर पूड तापते आणि कडवट होते, म्हणून थांबून थांबून फिरवायचा आणि पूड पूर्ण गार करून मगच मिसळायची. पहिले काही दिवस नाकात जाणारी झणक आणि थोडा कडवटपणा राहतोच. तो मुरताना जातो. दुसऱ्याच दिवशी घाबरून गूळ टाकणारे लोक मी पाहिलेत.

तिखट या वर्षीचं हवं. मी गुंटूरच्या मिरचीत रंगासाठी वरंगळकडची चपाटा मिसळते. गेल्या वर्षीच्या फिकट तिखटात रंग येत नाही म्हणून आणखी एक वाटी ओतणं हा उपाय नव्हे.

स्टीलचा डबा नको, ॲल्युमिनियम तर मुळीच नको. चिनीमातीची बरणी, तोंडाला फडकं.

तिसऱ्या दिवशी बरणी उघडून तळापासून ढवळायची. हे विसरलात तर मीठ तळाशी बसतं आणि वरच्या फोडी अळणी राहतात. याच वेळी चव बघा. खारट लागली तर गप्प बसा, फोडी अजून मीठ ओढणार आहेत. अळणी लागली तर कुटलेलं कोरडं मीठ घाला. तेल खाली गेलं असेल तर वरून कच्चं तीळतेल ओता.

मसाला कालवलेल्या परातीत गरम भात आणि तूप कालवून तिथेच खायची इथली पद्धत आहे. परात धुवायची घाई करू नका, पहिला घास लहान घ्या. रोजच्या खाण्यासाठी छोटी बरणी वेगळी भरा, मोठीत चमचा महिन्यातून एकदाच जाऊ दे. आणि बाठा न धरलेल्या चुकार फोडी त्या छोट्या बरणीत आधी घाला, त्या फार दिवस टिकायच्या नाहीत.