खांदेरीच्या दीपगृहाला जाण्याआधी

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्यापलीकडे खांदेरी. खांदेरीवरचं अष्टकोनी दीपगृह 1867 सालचं आहे आणि आता ते कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे जायची तयारी बॅग भरण्यापासून नाही, पंचांगापासून सुरू होते. रविवार मोकळा आहे म्हणून रविवार धरला आणि नेमकी त्या दिवशी अष्टमी निघाली, तर परतताना गुडघाभर चिखल तुडवावा लागतो.

हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात पाणी या हिशोबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा चढतं, हे गृहीत धरा. थळला होडी किनाऱ्याला लागायची तर भरतीच्या आगेमागे दोनेक तासच सोयीचे असतात. सकाळी आठ-साडेआठला निघून बाराच्या आत परत यायचं असेल, तर द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर येतं, पण ओसरतंही तितकंच दूर. त्या दिवशी बेटावर अर्धा तास जास्त रेंगाळणं महागात पडतं. पावसाळा विसराच. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, आणि नारळी पौर्णिमेआधी दर्याला छेडू नये हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. त्यातही सकाळच, कारण दुपारनंतर वाऱ्याचा जोर वाढतो आणि येताना तोंडावर पाणी उडत राहतं.

तिथी ठरली की होडी ठरवा, तीही दोन दिवस आधी. भाडं माणशी की अख्ख्या होडीचं, त्यात बेटावर थांबण्याचा वेळ धरलाय का, हे दोन्ही आधीच बोलून घ्या. वाद होतो तो थांबण्याच्या वेळेवरूनच. किती तास लागतील म्हणून विचारलं तर तीन सांगा: तासभर दीपगृहाला, बाकीचा वेळ तटबंदी, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा आणि वेताळाच्या देवळाला. लाइफ जॅकेटं डोकी मोजून आहेत ना, हे होडीत बसण्याआधी बघायचं. दीपगृहात वर सोडतात की नाही, किती वाजता, उतरायला परवानगी लागते का, हेही नाखव्यालाच विचारा. रोज ये-जा करणाऱ्याला हे ताजं ठाऊक असतं. ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ असू द्या. ड्रोन घरी ठेवा, किनारपट्टीवर त्यावरून उगाच चौकशी मागे लागते.

पायात काय घालता याला फार महत्त्व आहे. 1679 मध्ये मराठा आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी शिवाजी महाराजांच्या हुकुमावरून इथे तट उभारायला घेतला. लाटांचा मारा फुटावा म्हणून तटाबाहेर मोठमोठे धोंडे नुसतेच, चुन्याशिवाय पसरलेले आहेत. त्यांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या. चप्पल निसटली की तळवा फाटलाच. मागे पट्टा असलेली, भिजली तरी चालणारी रबरी सँडल घाला. चामड्याचे बूट खाऱ्या पाण्यात वाया जातात आणि शेवाळावर पकडही धरत नाहीत.

बेटावर दुकान नाही. जुनी टाकी आहेत, पण पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर घेऊनच निघा. टोपी, एक कोरडा टॉवेल, फोनसाठी तोंड बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी, चिकटपट्टी आणि जंतुनाशक मलम, एवढं पुरतं. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी; होडी हलायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण मिसळही नको. भाकरी किंवा दोन केळी खा, होडीच्या मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फोटो छान येतात, हेलकावेही तिथेच सर्वांत जास्त.

दीपगृह चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत. वरचा टप्पा उभ्या शिडीचा असतो. एका वेळी एकानेच चढायचं आणि उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं. अपघात होतात ते उतरताना पाठ करून येणाऱ्यांचे. दिव्याच्या भिंगाला बोट लावू नका: बोटांचं तेल लोलकांवर बसलं की प्रकाश विखुरतो आणि पुसताना काच चरते. गॅलरीत वारा खालच्यापेक्षा बराच असतो, तेव्हा टोपी काढून पिशवीत, चष्म्याला दोरी.

देवळाजवळच्या एका खडकावर दगडाने ठोकलं की धातूच्या भांड्यासारखा आवाज येतो. हलकेच ठोका. वेताळाला नारळ द्यायचा असेल तर थळलाच घ्या, आणि उघड्यावर कचरा न टाकता प्लॅस्टिक परत होडीत आणा. किनाऱ्यावरच्या कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा. आणि बेटावरून नाखव्याने हाक मारली की फोटो अर्धा राहिला तरी निघा. तो पाणी बघून बोलावतो.