नवी बॅटरी टाकली आणि मीटरमध्ये दिवा लागला? या चुका टाळा

बॅटरी बदलली, गाडी एका झटक्यात चालू झाली, पण मीटरमधला पिवळा दिवा जात नाही. असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, बॅटरीच्या खांबावर वायर आवळणारा क्लॅम्प हाताने हलतोय का? पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "नाही हो, टाइट केलाय."

गेल्या पावसाळ्यात भाऊजी गाडी घेऊन आले. नवी बॅटरी टाकून चार दिवस झालेले. खड्ड्यात चाक गेलं की कधी स्टेअरिंगचा दिवा लागायचा, कधी एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा. एका गॅरेजात त्यांना स्टेअरिंगची मोटर गेली म्हणून सांगितलं होतं. मी बॉनेट उघडून निगेटिव्हचा क्लॅम्प चिमटीत धरून पिळला, तर गरकन फिरला. काढून बघतो तो आत चॉकलेटची चांदी गुंडाळलेली! जुन्या बॅटरीचा खांब जाड, नवीचा बारीक. नट शेवटपर्यंत आवळूनही पकड येईना, म्हणून हा जुगाड.

"भाऊजी, हे कुणी केलं?"

"बॅटरी बसवायला आलेला पोरगा. म्हणाला, तात्पुरतं आहे."

बारीक खांबावर चढवायची शिशाची टोपी मिळते. ती बसवली, क्लॅम्प आवळला, दिवे गेले. मोटर ठणठणीत होती.

माझी सवय सांगतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबाच्या क्लॅम्पवर टेकवायची. आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा खराब. मग दोन्ही खांबांमध्ये व्होल्ट मोजायचे: इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनवरही साडेबाराच दिसत असतील आणि बॅटरीचाच लाल दिवा लागला असेल, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), त्याचा पट्टा आणि वायरिंग बघा. तुमची जुनी बॅटरी बहुधा त्यांनीच खाल्ली.

दुसरी खोड म्हणजे घाई. बॅटरी सुटली की बऱ्याच गाड्या स्टेअरिंगची मधली जागा विसरतात. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवा. अनेकदा दिवा आपोआप विझतो. पण लोकांना दोन किलोमीटरचा धीर नसतो. लगेच स्वस्तातला स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे सगळे कोड पुसतात. अहो, आधी लिहून तरी घ्या! पुसलेला कोड मेकॅनिकला कुठून दिसणार? आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनचा वेग, वरखाली होत असेल तर एकदोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, बहुतेक वेळा बसतं.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्हला जोडलेली बारीक वायर बाजूला लोंबकळत राहिली नाही ना, तेही बघा.

स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत कंपनीने एजीएम किंवा ईएफबी ही जास्त दमाची बॅटरी दिली असेल तर पैसे वाचवायला साधी टाकू नका. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरनेच करावी लागते.

आणि एअरबॅगचा दिवा? त्याच्या वायरींना मीही हात लावत नाही. सरळ सर्व्हिस सेंटर.