माळढोकाच्या मागे जैसलमेरला: वाळवंटात काम करायचं असेल तर

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी बघायला लहानपणी आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. पहिला माळढोक मला दिसला तो एमएस्सीनंतर, जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात, सुदासरीला. सेवण गवतातून मादी चालली होती. एक पाऊल टाकायची, थांबायची, मान ताठ करून चहूकडे बघायची, मग दुसरं पाऊल. इंजिन बंद करून आम्ही गाडीत पाऊण तास बसून होतो. त्या सकाळी ठरवलं, काम करायचं तर इथेच. फील्ड असिस्टंट म्हणून सहा महिन्यांसाठी गेलेली मी तीन वर्षं राहिले.

हे उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. घनदाट जंगल डोक्यात घेऊन येणारा पहिल्या आठवड्यातच हिरमुसतो.

नव्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्या. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. सम आणि खुडी या वाळूच्या टेकड्यांजवळच्या गावांतल्या पर्यटकांच्या तंबूंमध्ये काम मिळतं तेही तेव्हाच. पण गोडावण, म्हणजे आपला माळढोक, अंडी घालतो मुख्यतः उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, बहुधा एकच अंडं. त्यामुळे अभ्यासाचं खरं काम लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, वाहत असताना, पारा पंचेचाळीसच्या वर असताना असतं. आम्ही पहाटे चारला निघायचो, दहाच्या आत परतायचो. डिसेंबरचे फोटो पाहून अर्ज करू नका; मे महिन्यात आठ दिवस राहून बघा.

मला सगळ्यात जड गेलं ते विजेच्या तारांखालून चालत मेलेले पक्षी शोधणं. माळढोकाला समोरचं कमी दिसतं, अंगानं तो जड, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. पवन आणि सौर ऊर्जेच्या नोकऱ्या या भागात भरपूर आहेत, पगारही बरे. इंजिनिअर मुलामुलींनी तिकडे जरूर जावं. तार कुठून न्यायची हे ठरवणाऱ्या टेबलावर माळढोकाची काळजी असलेलं माणूस हवंच आहे.

संशोधनाकडे यायचं असेल तर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या प्रकल्पांच्या जाहिराती त्यांच्या वेबसाइटवर पाहत राहा. सम इथलं माळढोक प्रजनन केंद्र २०१९ पासून याच संस्थेच्या सहभागानं चालतं. नेमणुका कंत्राटी असतात. माझं पहिलं मानधन तीन महिने रखडलं होतं, म्हणून हाताशी थोडे पैसे ठेवूनच निघा. जीप चालवता येत असेल तर अर्जात लिहाच.

मारवाडी मात्र तिथेच शिकाल. मला ती एका मेंढपाळ काकोसांनी शिकवली, बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी आणि केर-सांगरीची भाजी खाऊ घालत. वाळूवरचा ठसा बोटानं दाखवून म्हणायचे, "बाईसा, ही लोमडी, रात्रीची." ठशाच्या कडा ढासळल्या आहेत की अजून धारदार आहेत, त्यावरून ते वेळ सांगत.

सुट्टीच्या दिवशी आकलला जा. जैसलमेरहून १७ किलोमीटरवर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन उघड्यावर पडली आहेत. सीमेकडच्या भागात बाहेरच्यांना परवाना लागतो, तो आधी काढा. आणि हिवाळ्यात एक रात्र खुडीच्या टेकड्यांवर उघड्यावर झोपा, दोन रजया घेऊन.

काकोसांचा फोन अजून येतो. पाऊस झाला का, ओरणात, म्हणजे गावानं राखलेल्या देवराईत, गवत किती वाढलं, गोडावण दिसला का, एवढंच बोलतात.