बियाण्याचा बाजार किती कंपन्यांच्या हाती आहे, हे कसे मोजावे

सोलापूरच्या कृषी सेवा केंद्रांत मक्याच्या बियाण्याची नावे भरपूर दिसतात. परंतु स्पर्धा नावांवरून नव्हे, मालकीवरून मोजायची असते. सुरुवातीला एकच पीक निवडावे. सगळी पिके एकत्र धरल्यास आकडा फसवा येतो, कारण मक्याचे संकरित बियाणे दर हंगामात विकतच घ्यावे लागते, तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारी सरळ वाणाची असल्याने घरचे बियाणे पुढच्या पेरणीला चालते.

मग पिशवीवर बारीक अक्षरांत छापलेले कंपनीचे नाव उतरवून तिची मूळ मालकी शोधावी. डेकाल्ब हे बियाण्याचे नाव बायर कंपनीचे आहे, पायोनियर कोर्टेव्हाचे. 2017 मध्ये डाऊ आणि ड्यूपाँट एकत्र आल्या व त्यातून 2019 मध्ये कोर्टेव्हा वेगळी झाली. 2017 मध्येच केमचायनाने सिंजेंटा आणि 2018 मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेतली. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नये. कपाशीत तर आणखी खोल जावे लागते, कारण बोलगार्ड या बोंडअळीला रोखणाऱ्या तंत्रज्ञानाचा जनुक परवान्याने अनेक भारतीय कंपन्यांकडे गेला आणि पिशव्यांवरची नावे वेगळी असूनही आतले तंत्रज्ञान एकच राहिले.

विक्री पिशव्यांत नव्हे, किलोत लिहावी. दुकानदार ठरावीक कंपन्यांचाच माल ठेवतो, म्हणून मोहोळ, बार्शी, माढा अशा निरनिराळ्या ठिकाणची दुकाने घ्यावीत.

प्रत्येक मालकाच्या विक्रीतील टक्केवारीचा वर्ग करून बेरीज केली की बाजार किती मोजक्या हातांत आहे हे दाखवणारा हर्फिन्डाल-हर्शमन निर्देशांक मिळतो. समजा, चार नावांचा वाटा 40, 30, 20 आणि 10 टक्के आहे. बेरीज 3000 येते. मात्र 30 आणि 20 टक्क्यांच्या नावांचा मालक एकच निघाला, तर तीच बेरीज 4200 होते. कंपन्यांच्या विलीनीकरणाबाबतच्या अमेरिकेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 1800 च्या पुढचा बाजार अतिकेंद्रित समजला जातो.

निर्देशांक मोठा आला म्हणून गुन्हा ठरत नाही. स्पर्धा कायदा, 2002 वर्चस्वाला नव्हे, त्याच्या गैरवापराला मनाई करतो. म्हणूनच विक्री लिहिलेल्या वहीतच प्रतिकिलो दर लिहावा, आणि मागणीच्या वाणासोबत नको असलेले खत किंवा औषध गळ्यात मारले जात असेल, म्हणजे लिंकिंग होत असेल, तर तारखेसह त्याची नोंद करून पावती जपावी. भारतीय स्पर्धा आयोगाकडे किंवा कृषी विभागाकडे तक्रार करताना निर्देशांकाइतक्याच या नोंदी उपयोगी पडतात.