दोषारोपपत्र हातात पडल्यावर काय करायचे

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीआधी मिळणारे ज्ञापन, म्हणजेच दोषारोपपत्र, घ्यायला नकार देऊ नका. पोचेवर सही करून तारीख स्वतःच्या हाताने टाका, कारण उत्तराची मुदत तिथून मोजतात. मग पहिली ओळ वाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधला नियम 8 लिहिलाय की 10? नियम 10 म्हणजे ठपका, वेतनवाढ रोखणे, नुकसानवसुली असली किरकोळ शिक्षा. नियम 8 असेल तर गोष्ट बडतर्फीपर्यंत जाऊ शकते.

नियम 8 च्या ज्ञापनाला चार जोडपत्रे असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. बहुतेकांची चूक इथेच होते. कागद न बघताच पाच पानी कैफियत लिहून मोकळे होतात, आणि त्यातलेच एखादे वाक्य पुढे कबुली म्हणून अंगावर येते. आधी कागदपत्रे पाहू द्या असा अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. "कर्तव्यात कसूर केली" एवढेच म्हटले असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या नस्तीत (फाइलमध्ये), असे लेखी विचारा. उत्तर मात्र मुद्देसूद: "दोषारोप क्र. 1 अमान्य." तपशील नंतर.

बचाव सहायक, म्हणजे चौकशीत तुमची बाजू मांडणारा, म्हणून चौकश्या लढवलेला निवृत्त कर्मचारी मिळाला तर उत्तम. वकील सहसा मिळत नाही. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल तर मागता येतो.

सुनावणीत रोजनामा (त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद) वाचल्याशिवाय सही करू नका. उलटतपासणीचा प्रश्न नाकारला, मागितलेला कागद दिला नाही, तर ते तिथल्या तिथे नोंदवून घ्या. प्राथमिक चौकशीतला जबाब देणारा साक्षीला आलाच नाही, तर तो जबाब पुरावा म्हणून वापरण्यास लेखी हरकत घ्या. आणि हे फौजदारी खटल्यासारखे नाही. इथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच बघतात.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळायलाच हवी; सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच तसे सांगितले आहे.

निलंबित असाल तर पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचे प्रमाणपत्र दिले नाही की तो अडकतो. 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर 9 जुलै 2019 चा शासन निर्णय दाखवून निलंबन संपवण्याची मागणी करा.

शिक्षेच्या आदेशावर अपील 45 दिवसांत. त्यावर 6 महिन्यांत निर्णय आला नाही तर मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा) रस्ता मोकळा होतो. तिथून पुढे एक वर्ष हाताशी असते.