ट्रेनिंगला उघडलेलं खातं आणि अडकलेली शिष्यवृत्ती

हॉटेल मॅनेजमेंटच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलचा, फॉर्म कसा भरायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅपचं (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, सगळं गोळा होतंच. माझं घोडं अडलं ते फॉर्म मंजूर झाल्यावर.

तिसऱ्या वर्षी इंडस्ट्रियल ट्रेनिंगला मी गोव्यातल्या एका हॉटेलात गेले. पहिल्याच आठवड्यात स्टाफ कॅन्टीनबाहेर एका बँकेने टेबल मांडलं. स्टायपेंडसाठी खातं हवं म्हणून सगळ्या ट्रेनींचे आधार घेतले, फॉर्मवर खुणा त्यांनीच केल्या, आम्ही नुसत्या सह्या केल्या. हाताला कांद्याचा वास, शिफ्टची घाई, कोण वाचत बसतंय! त्यातल्या एका चौकटीत लिहिलं होतं की सरकारी अनुदान यापुढे याच खात्यात घ्यायला माझी संमती आहे.

आता हे सावकाश वाचा. आधार बँकेत लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीड असणं वेगळं. लिंक चार बँकांत असेल, ते केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं. सीड मात्र एका वेळी एकाच बँकेत. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे तुमच्या आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं. नव्या बँकेत संमती दिली की जुनं नाव जाऊन नवं बसतं. आधारवर सोडलेले पैसे तिथेच जातात, मग तुम्ही फॉर्मला कुठलंही पासबुक जोडलेलं असो.

पोर्टलवर रक्कम जमा दिसत होती. फॉर्मला जोडलेल्या माझ्या कराडच्या खात्यात दमडी नाही. तीन महिने मी कॉलेजच्या क्लार्ककडे आणि गावच्या बँकेत हेलपाटे घातले, बाबांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं. पैसे गोव्याच्या खात्यात होते. स्टायपेंड थांबल्यावर ते साधं बचत खातं झालेलं, किमान शिल्लक नाही म्हणून त्यातूनही रक्कम कापलेली.

घाबरू नका, हे दुरुस्त होतं. मायआधार या आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव तिथेच दिसतं. हवी ती बँक नसेल तर आपल्या शाखेत जाऊन डीबीटी सीडिंगचा अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘आधार लिंक आहे तुमचं’ एवढं ऐकून काउंटरवरून परत येऊ नका. मला तेच उत्तर दोनदा मिळालं होतं.

एक चूक मात्र सुधारत नाही. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. ‘डायरेक्ट अ‍ॅडमिशन घ्या, स्कॉलरशिप आम्ही बसवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या वेळी निम्मंच मिळायचं. पण नाइफ किट, शेफ कोट, सेफ्टी शूज, डेव्हलपमेंट फी यात येत नाही, ते पैसे वेगळे ठेवा.

डिग्री झेपणार नसेल तर पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये आणलेल्या ‘हुनर से रोजगार तक’ची चौकशी जवळच्या आयएचएममध्ये (हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत) करा. कुकरी आणि सर्व्हिसचे छोटे कोर्स त्याखाली मोफत होत आले आहेत. त्यात कमीपणा नाही, माझ्या ट्रेनिंगमधला सगळ्यात सफाईदार ‘कॉमी’, म्हणजे ज्युनिअर कुक, तिथूनच आला होता.

सायबर कॅफेवाल्याच्या हाती फॉर्म देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पासवर्ड त्याच्याकडे राहतो. सीनियरांचंही अर्धंच ऐका. कॉलेजचा शिष्यवृत्ती क्लार्क हाच खरा गुरू, अर्ज त्याच्या लॉगिनला पडून असतो तेव्हा त्यालाच आठवण करावी लागते.

आणि नूतनीकरण दर वर्षी करायचं असतं. तुम्ही ट्रेनिंगला असतानाच मुदत येऊ शकते, आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. माझ्या आधारला जोडलेला नंबर बाबांच्या फोनमध्ये होता, बाबा शेतात, फोन घरी. निघण्याआधी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या.