भुऱ्याची शुगर आणि माझी मापाची वही

आमच्या मांजराच्या, भुऱ्याच्या, रेतीच्या टबाला मुंग्या लागल्या तेव्हा मला वाटलं, सासूबाईंच्या हातून दूध सांडलं असेल. टब धुतला, जागा बदलली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा टबातच. त्या लघवीतल्या साखरेवर येत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी महिनाभर भुऱ्या बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी पीत होता. खाणं दुप्पट झालं होतं आणि तरी पाठीची हाडं हाताला लागत होती. मागचे पाय तर तो पार टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालत होता. यातलं काहीही तुमच्या मांजरात दिसलं, तर माझ्यासारखी वाट बघू नका.

मी नाशिकच्या सिडकोत राहते, घरीच ब्लाउज शिवते. माझ्या मापाच्या वहीची मागची पानं आता भुऱ्याची आहेत. हे सगळं त्या पानांतून लिहितेय. हातात पैसा कमी आणि मांजर खूप आजारी, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी.

एका सकाळी त्याने खाणं सोडलं, दोन उलट्या केल्या आणि कपाटाखाली जाऊन पडला. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता. दवाखान्यात साखर ४८० निघाली आणि लघवीत कीटोन. शरीराला इन्सुलिन पुरत नाही तेव्हा ते साखर वापरू शकत नाही, मग चरबी जाळतं, आणि त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साठत जातं. या अवस्थेत घरचा कोणताही उपाय चालत नाही. सलाईन आणि दवाखानाच लागतो, तोही त्याच दिवशी. पैसे वाचवायचे असतील तर ते इथे नाही, पुढे वाचवायचे.

डॉक्टरांना पैशांचं पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मला फार जड गेलं, पण मी म्हटलं, "डॉक्टर, आत्ता माझ्याकडे सहा हजार आहेत. त्यात काय काय होईल?" ते म्हणाले, "ताई, बरं झालं आधी बोललात." मग त्यांनी तपासण्यांचे दोन भाग केले. साखर, कीटोन, किडनी आणि पोटॅशियम लगेच, कारण इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम घसरतं आणि तेच जीवावर बेततं. सोनोग्राफी आठवड्याने केली तरी चालणार होती. तीन दिवसांचं बिल साडेनऊ हजार झालं, उरलेले मी दोन हप्त्यांत दिले. सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात केसपेपरला नाममात्र पैसे लागतात. पुढच्या साध्या तपासण्यांसाठी मी तिथेच जाते.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, आधी खाजेसाठी किंवा आणखी कशासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का. स्टेरॉइडने साखर चढते. जुने कागद असतील तर सगळे घेऊन जा.

इन्सुलिन आणि सिरिंज

भुऱ्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन चालू आहे, माणसांना देतात तेच. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते. दहा मिलीची मोठी बाटली घेऊ नका. तिच्यात हजार युनिट असतात, आणि एक-एक युनिट दोन वेळा घेणाऱ्या मांजराला २८ दिवसांत लागतात फक्त छप्पन्न. तीन मिलीची, इन्सुलिनच्या पेनमध्ये घालायची छोटी नळी, कार्ट्रिज, मिळते, तीनशे युनिटची, ती एकटी मागा. पेन घेऊ नका. त्यातून अर्धं युनिट सहसा देता येत नाही, आणि मांजराला अर्ध्याचाही फरक पडतो. सिरिंजने कार्ट्रिजमधून काढायचं कसं, हे डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. कार्ट्रिज हलवून फेस आणायचा नाही, त्यात पाणी किंवा दुसरं इन्सुलिन मिसळायचं नाही. उघडल्यावर २८ दिवस, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. फ्रीजमध्ये राहिलेली कार्ट्रिज त्यापुढे वापरायची का, हे तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. गढूळ दिसली किंवा कण दिसले तर मात्र लगेच टाकून द्या.

आता सिरिंज. हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १००. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. भुऱ्याचं ग्लार्जिन १०० चं आहे, म्हणून त्याला केशरीच हवी. एकदा घाईत घेतलेल्या पाकिटात मला लाल टोपीच्या मिळाल्या. दुकानदाराने बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. संध्याकाळी सातला मी एकच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. त्या रेघेला प्रत्यक्षात अडीच युनिट येतात.

रात्री साडेअकराला मी मशीनवरून उठले तर भुऱ्या स्वयंपाकघराच्या दारात डुलत उभा होता. पाऊल टाकायला गेला आणि कुशीवर पडला. साखरेच्या मीटरवर ४१, म्हणजे फारच कमी. मी मध बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. घशात काही ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. झटके येत असतील तर बोट दातांत जाणार नाही असं, फक्त ओठाच्या आतून लावायचं. दहा मिनिटांनी त्याने मान धरली. मग चिकन खाऊ घातलं आणि ह्यांच्या स्कूटरवरून दवाखाना गाठला, कारण मधाचा जोर तासाभरात ओसरतो आणि इन्सुलिनचा कितीतरी तास टिकतो. त्या रात्रीपासून मधाची छोटी बाटली फ्रीजवर असते, तिला कोणी हात लावत नाही. आणि सिरिंजचं पाकीट दुकानातच उघडून टोपीचा रंग बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली केशरी सिरिंज मागा. नसेल तर मागवून घ्या. नऊ-दहा रुपयांची सिरिंज मी दुसऱ्यांदा वापरत नाही. बोथट सुईने कापड सुद्धा ओढलं जातं, ही तर कातडी आहे.

टोचणं सोपं आहे. तो खात असताना खांद्यामागची किंवा कुशीची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी, आणि त्या तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची. रोज जागा थोडी बदलायची. बाहेर आल्यावर केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलं. किती आत गेलं ते आपल्याला सांगता येत नाही, म्हणून पुन्हा टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एखादी वेळ चुकली तरी दुप्पट द्यायचं नाही.

आमच्याकडे क्रम असा: आधी साखर बघायची, मग खायला, खाल्लेलं दिसलं की इंजेक्शन. तो जेवला नाही तर डॉक्टरांना फोन. आपल्या मनाने पूर्ण डोस द्यायचा नाही आणि, एकदा कीटोन झालेल्या मांजराचं, आपल्या मनाने इन्सुलिन बंदही करायचं नाही.

उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि नेमकी दुपारी लाईट जाते. अशा वेळी कार्ट्रिज कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घालून डबी छोट्या रिकाम्या माठात ठेवते, माठाला बाहेरून ओलं फडकं. बर्फाला चिकटवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वरून तसंच दिसलं तरी.

घरी साखर बघणं

माणसांचं साधं ग्लुकोमीटर चालतं. मांजराच्या रक्तात ते खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतं, म्हणून कोणतं मीटर वापरता ते डॉक्टरांना सांगा आणि मीटर मधेच बदलू नका. मीटर स्वस्त असतं, खर्च स्ट्रिपचा. घेण्याआधी स्ट्रिपची किंमत विचारा, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

रक्त कानाच्या कडेतून घ्यायचं. कडेजवळून एक बारीक शीर जाते, ती आणि कड यांच्या मधे टोचायचं. कानामागे मी अंगुस्तान घातलेलं बोट धरते, त्यावर कापूस. हिवाळ्यात निफाडचा पारा पाचाखाली गेला की आमच्या घरातही भुऱ्याचे कान गार पडतात आणि थेंब येत नाही. मग पायमोज्यात तांदूळ भरून तव्यावर कोमट करते, आधी माझ्या मनगटाला लावून बघते, मग त्याच्या कानाला मिनिटभर. थेंब घेतल्यावर कापसाने दाबून धरायचं, नाहीतर कान काळानिळा होतो. आणि लगेच चिकनचा एक तुकडा. आठ दिवसांत तो मीटरचा आवाज ऐकून स्वतःच मांडीवर यायला लागला.

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे डोस ठरवायला दिवसभराचे आकडे लागतात, ते घरीच घ्या. दर दोन तासांनी, बारा तास. सहा-सात स्ट्रिप जातात, पण दवाखान्यात दिवसभर ठेवायचे पैसे वाचतात आणि आकडे खरे मिळतात. मी वहीच्या पानाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवते. तारीख, वेळ, साखर, किती युनिट, किती खाल्लं, पाणी किती प्यायला. ते बघून ते डोस सांगतात. स्वतः डोस वाढवू नका, आकडा कितीही मोठा दिसला तरी.

कीटोनच्या लघवीच्या पट्ट्याही घेऊन ठेवा. तो टबात बसला की मागून जुनी पळी धरायची. सुरुवातीला रोज, आता तो मरगळलेला दिसला किंवा साखर सलग चढी राहिली तर. पट्टीचा रंग बदलला की शिवण तशीच टाकून दवाखाना.

वजन दर रविवारी. आमचा भाजीवाला त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर भुऱ्याला पिशवीसकट तोलून देतो, पिशवी वजा करायची. दवाखान्यातून आला तेव्हा तीन किलो शंभर होता, आता चार किलोला थोडा कमी.

खाणं

"अगं, दूधपोळी खाऊनच मोठा झालाय तो," सासूबाई म्हणायच्या. त्यांचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून मी वाद घातला नाही, दूधपोळी दिल्यानंतरचा आणि चिकन दिल्यानंतरचा आकडा वहीत दाखवला. मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. पोळी, भात, दूध बंद. कोरड्या दाण्यांतही पिठाचं प्रमाण बरंच असतं. मात्र दाणे एका दिवसात बंद करू नका. पीठ कमी झालं की साखर झपकन खाली येते आणि जुना डोस जास्त ठरतो. डॉक्टरांना सांगून, रोज मीटर बघत, हळूहळू बदला.

मी मांडीचं चिकन, कोंबडीचे दिल आणि अगदी थोडी कलेजी, बिनमिठाची उकडते. कांदा-लसूण अजिबात नाही, मांजराला ते विष आहे. मांडी आणि दिल अशासाठी, की टॉरिन नावाचं पोषक द्रव्य त्यांत जास्त असतं. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे खराब होतात. उकडताना ते पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही त्यालाच. पण नुसतं चिकन पुरत नाही. कॅल्शियम आणि टॉरिन किती घालायचं ते डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलंय, आणि आठवड्यातून तीन-चारदा ओलं तयार खाणं देते, ग्रेव्हीचं नाही, जेलीचं. किडनी बिघडलेली असेल तर खाण्याचं सगळं गणित वेगळं, ते विचारूनच करा.

माझ्या वहीप्रमाणे महिन्याचा खर्च अडीच-तीन हजारांत बसतो. जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी, महागडी टॉनिकं, सगळ्यांनी सगळं सुचवलं. मी त्यावर एक रुपया घातला नाही. ते पैसे स्ट्रिपला लागतात. माणसांच्या शुगरच्या गोळ्याही घरातून उचलून देऊ नका.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. बाटली भरली की दवाखान्यात परत देते. घंटागाडीत टाकत नाही, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटाला ती सुई लागेल.

एक कठीण गोष्ट आम्ही आधीच बोलून ठेवली, मी आणि ह्यांनी. पुन्हा तसाच कोसळला तर किती दिवस आणि किती पैसे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय: उपचार चालू असूनही तीन दिवस स्वतःहून खात नसेल, उठून टबापर्यंत जात नसेल, हात लावला तरी घुरघुर करत नसेल, तर डॉक्टरांना त्याला शांत झोपवायचं विचारायचं. दवाखान्याच्या बाकावर, रडत असताना, हे ठरवता येत नाही. काही मांजरांचं इन्सुलिन लवकर आणि नीट उपचार झाले तर सुटतंही. भुऱ्याचं सुटलेलं नाही, दोन वेळा एक-एक युनिट चालू आहे.

सकाळ-संध्याकाळी सात ही वेळ चुकवता येत नाही, म्हणून घरात दुसरं माणूस तयार करा. शेजारची बारावीतली मुलगी शिकली. आधी संत्र्यात साध्या पाण्याची सिरिंज टोचून, मग आठवडाभर माझ्या शेजारी बसून. गेल्या महिन्यात सिन्नरला भाच्याच्या हळदीत होते, तेव्हा सात वाजून चार मिनिटांनी तिचा फोटो आला. मीटरवर १८६, रिकामी ताटली आणि बाजूला केशरी टोपी. खाली लिहिलं होतं, "काकू, टोपी बघूनच घेतलं."